फुकटचा राखणदार

नाशिक हे नोंदी ठेवणाऱ्यांचे गाव आहे. रामकुंडावर एखाद्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन गाव आणि आडनाव सांगितले की जुनी चोपडी उघडते आणि आपले पणजोबा कधी इथे येऊन गेले याची नोंद समोर येते. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय इथलेच. नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात, तिथे तर एकेका कागदाचा हिशेब द्यावा लागतो.

आणि शरणपूर. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेली ही वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलेही इथे राहिली, शिकली. त्यांतला जेकब वेनराइट हा विद्यार्थी पुढे डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शोधार्थ गेलेल्या मंडळींबरोबर आफ्रिकेत गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरले ते वेनराइटनेच. त्याने रोजनिशीही ठेवली. त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणून पुढे इंग्लंडला पोचवला गेला, त्या प्रवासाची हकिकत आपल्याला कळते ती अशा नोंदींतून. नाशकात शिकलेल्या एका मुलाला लिहिण्याची सवय होती, म्हणून.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की मी एका छोट्या चर्चची चिटणीस होते आणि आमच्याकडच्या नोंदी एकदा आमच्याच हातून पुसल्या गेल्या. त्यानंतर आम्ही संगणकासाठी एक प्रामाणिक आणि फुकटचा राखणदार शोधायला निघालो. त्या शोधाची ही गोष्ट.

मी मूळची शाळाशिक्षिका. निवृत्त झाल्यावर मंडळीने माझ्या हाती चर्चची कपाटाची किल्ली दिली. कपाटात बाप्तिस्मा, विवाह आणि दफनविधी यांची रजिस्टरे. काहींच्या पानांना कसर लागलेली, काहींच्या पुठ्ठ्यांत वाळवी शिरून गेलेली. जुन्या पद्धतीप्रमाणे मी कडुनिंबाचा पाला घातला, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. कसर आणि जंग यांचा उल्लेख आमच्या शास्त्रातही आहे. तेव्हा ही काळजी काही नवी नव्हे.

२००२ च्या सुमारास मंडळीतल्या एका गृहस्थांनी आपल्या ऑफिसातला जुना संगणक चर्चला दिला. पुढे दोन कॉलेजकन्यकांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमध्ये बसून बाप्तिस्म्याच्या नोंदी त्यावर टाइप केल्या. एकीने वाचायचे, दुसरीने टाइप करायचे. पिवळ्या पडलेल्या पानांवरची मोडी वळणाची अक्षरे लागली नाहीत की त्या माझ्या घरी यायच्या. तीन सुट्ट्या गेल्या, पण जन्मतारीख विचारायला कोणी आले की दोन मिनिटांत दाखला देता येऊ लागला. या दाखल्यांचे मोल ज्याला गरज पडते त्यालाच कळते. जुन्या माणसांकडे पुष्कळदा जन्माचा दुसरा कोणताच कागद नसतो.

आता संगणकाच्या विषाणूंकडे वळते, कारण आमची गोष्ट त्यांच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

घराघरांतल्या संगणकांवर, म्हणजे पीसीवर पसरलेला पहिला विषाणू १९८६ साली लाहोरात जन्मला. त्याचे नाव ‘ब्रेन’. बासित आणि अमजद फारुक अल्वी हे दोघे भाऊ वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअर विकत. लोक त्याच्या चोरून नकला करतात म्हणून त्यांनी फ्लॉपीत हा कार्यक्रम घातला आणि त्यात चक्क आपले नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवला. म्हणजे विषाणूचे आणि चोरीच्या सॉफ्टवेअरचे नाते अगदी पाळण्यापासूनचे.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९९० मध्ये, भारतात एक विषाणू सापडला. त्याचे नाव ‘जोशी’! दर वर्षी पाच जानेवारीला तो संगणक अडवून धरायचा आणि पडद्यावर मागणी करायचा की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. तुम्ही मुकाट्याने शुभेच्छा दिल्या की संगणक पुन्हा चालू. लाहोरच्या भावांनी पत्ता दिला होता, या जोशीबुवांनी तेवढे मात्र टाळले. नाशकात जोशी काही कमी नाहीत, त्यामुळे आमच्याकडे हा किस्सा सांगितला की हमखास कोणीतरी कोणाकडे तरी बोट दाखवते.

१९९२ च्या सहा मार्चला ‘मायकेलअँजेलो’ नावाच्या विषाणूने जगभर घबराट उडवली. १९९९ मध्ये २६ एप्रिलला तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘सीआयएच’ने आशियातले असंख्य संगणक कायमचे झोपवले. २००० च्या मे महिन्यात ‘आय लव्ह यू’ असे शीर्षक असलेली ईमेल मनिलाहून निघाली आणि एका दिवसात जगभर फिरली. प्रेमपत्र आले म्हणून लोकांनी उघडले, दुसरे काय!

विषाणू आले तसे वैद्यही आले. अमेरिकेत जॉन मॅकॅफी यांनी १९८७ साली कंपनी काढली आणि आपले औषध टेलिफोनवरून चालणाऱ्या संगणकी फलकांवर ठेवून दिले: घरच्यांनी वापरून पाहावे, कंपन्यांनी पैसे द्यावेत. आइसलंडमध्ये फ्रिद्रिक स्कुलासन यांनी १९८९ मध्ये ‘एफ-प्रॉट’ केले. तेही घरगुती वापराला फुकट. पुढे चेक देशातल्या ‘एव्हीजी’ आणि ‘अवास्ट’ यांनी हीच रीत जगभर नेली. घरी फुकट, कार्यालयात विकत. ही ओळ लक्षात ठेवावी, कारण आम्ही नेमके तिथेच अडखळलो.

आपल्याकडचे वैद्य पुण्यात तयार झाले. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. नंतर पुण्यात मंगळवार पेठेत त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. संगणक आले तसे तेही दुरुस्त करू लागले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की दुकानात येणाऱ्या बऱ्याच यंत्रांत बिघड असा काही नसतोच, विषाणू असतो. धाकटा भाऊ संजय तेव्हा मॉडर्न कॉलेजात संगणक शिकत होता. एकेका विषाणूवर त्याने एकेक उतारा लिहायचा आणि थोरल्याने तो गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालवायचा, असे करता करता १९९५ साली ‘क्विक हील’ तयार झाले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचे जुने नाव, २००७ मध्ये ते बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. पुण्याबाहेर त्यांच्या ज्या सुरुवातीच्या शाखा निघाल्या त्यांत आपले नाशिक होते. दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली ही कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली.

हे औषध काम कसे करते, तेही सोपे करून सांगते. पोलीस ठाण्यात जसे सराईत गुन्हेगारांच्या बोटांच्या ठशांचे रजिस्टर असते, तसे प्रत्येक माहीत असलेल्या विषाणूच्या ठशाचे एक रजिस्टर अँटिव्हायरसजवळ असते. दारात येणारी प्रत्येक फाइल तो त्या रजिस्टरशी ताडून बघतो. रोज नवे चोर जन्मतात, म्हणून रजिस्टर रोज ताजे करावे लागते. सहा महिने जुने रजिस्टर घेऊन बसलेला पहारेकरी म्हणजे झोपलेलाच पहारेकरी. अलीकडची साधने ठशांबरोबर फाइलची वागणूकही पाहतात, पण ताजेपणाची गरज काही सुटलेली नाही.

आमचा पहारेकरी असाच झोपलेला होता. संगणकावर कोणीतरी चाचणीपुरते अँटिव्हायरस घालून दिले होते. त्याची मुदत केव्हाच संपली होती. कोपऱ्यात रोज एक लाल खूण यायची आणि आम्ही ती रोज बंद करायचो.

२००८ साल. तो पेन ड्राइव्हचा काळ होता. चर्चची मासिक पत्रिका आम्ही ऑफिसात टाइप करायचो, पेन ड्राइव्हवर घेऊन डीटीपीवाल्याकडे जायचो, तिथून छापखान्यात, आणि दुरुस्त्या घेऊन परत. एका डीटीपीच्या दुकानात दिवसाकाठी लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रके, कॉलेजचे प्रोजेक्ट आणि आमची उपासनेची पत्रिका अशा पन्नास जणांचे पेन ड्राइव्ह एकाच यंत्राला लागायचे. एकाच भांड्याने साऱ्या गावाने पाणी प्यावे, तसे. आणि तेव्हाच्या विंडोजची सवय अशी की पेन ड्राइव्ह लावला की त्यातला कार्यक्रम न विचारता सुरू करायचा. ही खोड मायक्रोसॉफ्टने २०११ च्या फेब्रुवारीत जुन्या यंत्रांवरही सुधारणा पाठवून बंद केली. तोवर या वाटेने आलेल्या किड्यांनी भारतभर धुमाकूळ घातला होता. ऑर्कुट उघडू न देणारा एक किडा तर कॉलेजच्या मुलांत भलताच प्रसिद्ध होता.

एका सोमवारी मी संगणक चालू केला. फोल्डर नेहमीच्या नावांनी जागच्या जागी दिसत होते, पण उघडेनात. ‘बाप्तिस्मा’ या फोल्डरवर टिचकी मारली की यंत्र गुरगुरायचे आणि गप्प बसायचे. मी दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो म्हणाला, “बाई, सगळे व्हायरसने खाल्लेय. फॉरमॅट मारावे लागेल.” मी विचारले, “काही वाचेल का?” तो म्हणाला, “आता काय राहिलेय त्यात?” मी हो म्हटले. अर्ध्या तासात संगणक नवा कोरा झाला.

पंधरा दिवसांनी त्या टाइप करणाऱ्या दोघींतली एक घरी आली. तोवर ती संगणकाचा पुढचा अभ्यास करत होती. सगळे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “बाई, हा किडा फोल्डर खात नाही. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे, तसेच दिसणारे स्वतःचे सोंग बाहेर ठेवतो. एका ओळीची आज्ञा दिली असती तर सगळे परत दिसले असते.”

विषाणूने आमच्या नोंदी फक्त लपवल्या होत्या. पुसल्या त्या आम्ही. माझ्या ‘हो’ म्हणण्याने तीन सुट्ट्यांचे काम गेले. दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती ठेवायला हवी, हे चिटणीस म्हणून मला सुचायला हवे होते. शाळेत तीस वर्षे मी मुलांना कच्ची वही आणि पक्की वही वेगळी ठेवा म्हणून सांगत आले होते.

त्याच महिन्यात एक आजी आल्या. पेन्शनच्या कामासाठी जन्मतारखेचा पुरावा हवा होता. साल त्यांना नक्की आठवत नव्हते. “मोठा पूर आला होता त्याच्या पुढच्या साली, असे आई सांगायची,” एवढीच खूण. दोन मिनिटांचे काम, पण आता रजिस्टरे एकेक पान करून चाळायची होती. आजी बाकावर बसून राहिल्या, मी पाने उलटत राहिले. चौथ्या दिवशी नोंद सापडली. पानाचा खालचा कोपरा कसरीने खाल्ला होता, पण तारीख शाबूत होती. दोन बोटे खाली असती तर ती गेली असती. पानाकडे बघून आजी म्हणाल्या, “माझ्या बापाची सही आहे का हो ही?” होती. संगणकावर टाइप केलेल्या यादीत ती सही कधीच आली नसती, हेही मला त्याच दिवशी कळले.

आता अँटिव्हायरस घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पैशांचा प्रश्न होता. रविवारच्या अर्पणातून दिवाबत्ती, पाळकसाहेबांचे मानधन आणि गरजूंना मदत जाऊन उरणार किती? एका ओळखीच्याने तोडगा काढला. बाजारात महागड्या अँटिव्हायरसची ‘फोडलेली’ प्रत मिळते, किल्लीसकट, पन्नास रुपयांत सीडी. कमिटीत निम्म्या माना डोलल्या. पाळकसाहेबांनी शांतपणे एकच विचारले, “राखणदार ठेवायचा तो चोरून आणायचा का?” विषय तिथेच संपला. नंतर कळले की अशा फोडलेल्या सीड्यांतच पुष्कळदा किडे घातलेले असतात. लाहोरच्या दोघा भावांनी जे नाते जुळवले होते, ते अजून तसेच होते.

मग तरुण मंडळाच्या एकाने सायबर कॅफेत बसून ‘फुकट अँटिव्हायरस’ शोधला. पडद्यावर एक खिडकी उघडली: तुमच्या यंत्रात शेकडो विषाणू आहेत, आत्ता मोफत तपासा. त्याने उतरवून घेतला, आणून आमच्या यंत्रावर बसवला. पाच मिनिटांत लाल अक्षरांचा पाऊस, आणि सफाईसाठी पैशांची मागणी. तो अँटिव्हायरस नव्हताच. वैद्याचा वेष घेतलेला रोगच होता. त्या दोन-तीन वर्षांत असे तोतये जगभर पिकले होते. पुन्हा फॉरमॅट झाले, पण या वेळी आधी प्रत काढून.

तिसऱ्या खेपेला आम्ही एका नामांकित परदेशी कंपनीचा खराखुरा फुकट अँटिव्हायरस आणला. छान चालला. वर्षभराने आमची तीच मुलगी, आता ती नोकरीला लागली होती, बसवताना ‘मान्य आहे’ असे ज्यावर टिचकी मारतात तो करारनामा वाचून आली. आमच्यापैकी कोणीच तो वाचला नव्हता. त्यात लिहिले होते की हे केवळ घरगुती, खासगी वापरासाठी आहे, कोणत्याही संस्थेत वापरायला मनाई आहे.

कमिटीत वाद झाला. खजिनदार म्हणाले, “आपण काय नफा कमावतो का? आपण धर्मादाय.” मुद्दा बिनतोड वाटत होता. पण करारात ‘नफा न कमावणाऱ्यांना’ असे नव्हते, ‘घरी’ असे होते. चर्चला आपण देवाचे घर म्हणतो, पण त्या कंपनीच्या वकिलांना हे घर अभिप्रेत नसावे! फोडलेली सीडी नाकारल्याचा आम्हाला अभिमान होता, आणि वर्षभर आम्ही न वाचलेल्या अटी मोडत होतो. अशा कितीतरी वाचनालयांत, बालवाड्यांत, महिला मंडळांत, चर्चमध्ये आणि देवस्थानांत हेच चालले असणार. वाईट हेतू कोणाचाच नाही. ‘फुकट’ या शब्दापुढे कोण वाचतो?

मग खऱ्या अर्थाने शोध सुरू झाला. तेव्हा वाटा तीन होत्या.

पहिली वाट मुक्त सॉफ्टवेअरची. पोलंडमध्ये टोमाश कोइम यांनी सुरू केलेला ‘क्लॅमएव्ही’ हा अँटिव्हायरस घर, कार्यालय, चर्च असा भेद करत नाही. कोणीही वापरा, आतली रचना पाहा, सुधारा. आज तो सिस्को या कंपनीच्या छत्राखाली आहे, तरी मुक्तच आहे. विंडोजसाठी त्याचे ‘क्लॅमविन’ हे रूप होते. अडचण एवढीच की ते दारात उभे राहत नसे. सांगाल तेव्हा घरभर फिरून झाडाझडती घेणार, पण चोर आत येताना अडवणार नाही. आम्ही ते पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी ठेवले.

दुसरी वाट देणगीची. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८७ साली डॅनिएल बेन-होरिन यांनी ‘कॉम्प्युमेंटर’ ही संस्था काढली. आज ती ‘टेकसूप’ नावाने ओळखली जाते. मोठ्या कंपन्यांकडून सॉफ्टवेअर देणगीदाखल घ्यायचे आणि थोडेसे प्रशासकीय शुल्क आकारून सेवाभावी संस्थांना द्यायचे, हे तिचे काम. भारतात नॅसकॉम फाउंडेशनने तिच्याबरोबर ‘बिगटेक’ हा उपक्रम चालवला. अर्ज करायचा तर नोंदणीचे प्रमाणपत्र हवे. आपल्या राज्यात ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडून मिळते. आमची गंमत अशी की आमची मालमत्ता आणि नोंदणी एका मोठ्या न्यासाच्या नावे, आणि आम्ही त्याचे एक छोटे पान. शिवाय प्रत्येक दात्याच्या अटी निराळ्या. शाळा, दवाखाना चालवणाऱ्यांना द्यायचे, निव्वळ उपासनेच्या कामाला नाही, अशीही काहींची अट. फाइल पुढे सरकेना. पण ज्या संस्थेचे प्रमाणपत्र स्वतःच्या नावाचे आहे, तिने ही वाट जरूर चालून पाहावी.

तिसरी वाट २००९ च्या सप्टेंबरात उघडली. मायक्रोसॉफ्टने ‘सिक्युरिटी इसेन्शिअल्स’ हा स्वतःचा अँटिव्हायरस फुकट दिला आणि पुढच्या वर्षी दहा संगणकांपर्यंतच्या छोट्या व्यवसायांनाही वापरायची मुभा दिली. अट एकच होती. विंडोज अस्सल हवी. आणि आमची विंडोज? ती कोणी बसवली, किल्ली कोणाची, काही पत्ता नव्हता. राखणदार प्रामाणिक शोधत होतो आणि घरच चोरीच्या जागेवर उभे होते! त्या वर्षी नाताळच्या खर्चात काटकसर करून आम्ही रीतसर विंडोज घेतली. सजावट कमी झाली म्हणून काही जण नाराज झाले. अशा खर्चाचा फोटो निघत नाही.

पुढे २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून अँटिव्हायरस तिच्यातच येऊ लागला. ‘डिफेंडर’ हे त्याचे नाव. वेगळा करार नाही, वेगळे पैसे नाहीत, घर की चर्च हा प्रश्नही नाही. इतकी वर्षे जे शोधत होतो ते यंत्राबरोबरच यायला लागले. आपल्या सरकारनेही २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. तिथे किडे काढण्याची साधने मोफत मिळतात. त्यासाठी हातभार लावणाऱ्यांत पुण्याचे क्विक हील आहे. सी-डॅकने केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे पेन ड्राइव्हवर पहारा ठेवणारे साधनही तिथलेच. आमच्या डीटीपीच्या काळात ते हवे होते!

मात्र त्याच वर्षी जगाने पाहिले की फक्त राखणदार पुरत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने फाइलींना कुलपे घालून खंडणी मागितली. त्या भोकाला ठिगळ लावणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने थेट आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम थांबवले. नाशिकची द्राक्षे परदेशी जातात ते हेच बंदर.

फुकटाची दुसरी बाजूही २०२० च्या जानेवारीत उघड झाली. अवास्ट कंपनीचा अँटिव्हायरस लोक कुठल्या संकेतस्थळांवर जातात याची माहिती गोळा करत होता आणि तिची एक उपकंपनी ती विकत होती. ती उपकंपनी बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पहारेकऱ्यानेच घरातले बोलणे बाजारात नेऊन विकावे, तसे झाले. चर्चच्या संगणकावर कोणाच्या घरची दुःखे, कोणाला दिलेली मदत, कोणासाठी केलेली प्रार्थना यांची टिपणे असतात. तेव्हा फुकट देणाऱ्याचे पोट कशावर चालते, हे आधी विचारून घ्यावे.

मी आता चिटणीस नाही. पण नव्या चिटणीसांनी परवा विचारले, तेव्हा जे सांगितले तेच इथे सांगते. विंडोज अस्सल ठेवा आणि तिच्या सुधारणा टाळू नका. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हा देणगीत आलेला जुना संगणक घेताना तो नव्या आवृत्तीला चालेल का हे पाहून घ्या. आतला डिफेंडर चालू आहे ना, हे महिन्यातून एकदा तपासा. बाहेरचे काही बसवायचे तर करारातला ‘कोणासाठी’ हा एक परिच्छेद तरी वाचा. नोंदींच्या तीन प्रती ठेवा, त्यांतली एक यंत्राला न जोडलेली आणि दुसऱ्याच घरात. आणि कोणी ‘फॉरमॅट मारू का’ म्हणाले, तर आधी विचारा की फाइली पुसल्या गेल्यात की नुसत्या लपल्यात.

त्या नोंदी पुढे आम्ही पुन्हा टाइप केल्या. या वेळी दोघींच्या जागी सहा जण होते आणि प्रत्येक पानाचा फोटोही काढला, म्हणजे सह्या राहतील. पेन्शनचे काम झाल्यावर आजी पेढे घेऊन आल्या होत्या. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. दाखला सरकारात जमा झाला होता, झेरॉक्स त्यांना स्वतःसाठी हवी होती.

मूळ रजिस्टर लोखंडी कपाटातच आहे. दर पावसाळ्यानंतर त्यात कडुनिंबाचा ताजा पाला घालतात. तोही फुकटच मिळतो, आणि दर वर्षी बदलावाच लागतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)